शंका विचारणारे श्रावक : आपल्या परंपरेतील एक विस्मृत पान



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा विश्वस्त मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. पुढची चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गेली. शास्त्रावर लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु पन्नास वर्षांपूर्वी, वाशीत वस्ती विरळ असताना, ज्यांनी भाड्याच्या खोलीत स्वाध्यायाचा प्रारंभ केला, त्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेक आज आपल्यात नाहीत. कच्छ, मारवाड, गुजरात, सांगली-कोल्हापूर अशा निरनिराळ्या मुलखांतून खाडीच्या या तीरावर आलेली ही माणसे. भाषा वेगळी, पूजेची पद्धत वेगळी, पर्युषणाचे दिवसही वेगळे. तरीही ती एका सतरंजीवर बसत व एकमेकांना बेधडक प्रश्न विचारत. त्या सतरंजीची आठवण म्हणून हा लेख.

आणखी एक कारण आहे, ते प्रांजळपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या रविवारच्या स्वाध्यायात महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने उभे राहून विचारले, ‘‘भगवान वीतराग आहेत, म्हणजे स्तुतीने प्रसन्न होत नाहीत आणि निंदेने रागावत नाहीत. मग आपण रोज पूजा करतो ती कोणासाठी? ऐकणारे कोण आहे?’’ त्या दिवशी पुढे बसलेल्यांत वयाने मी मोठा होतो. मी म्हणालो, ‘‘बाळ, आधी श्रद्धा ठेव, शंका नंतर काढ.’’ दोघे-तिघे हसले. मुलगा खाली बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही व त्यानंतरही कधी आला नाही. माझे उत्तर चुकले हे मला तेव्हाच जाणवले होते. का चुकले हे समजायला मात्र पुष्कळ वाचावे लागले.

माझ्या बाजूने बोलायचे तर शास्त्राचा आधार मला होता. तत्त्वार्थसूत्रात सम्यग्दर्शनाचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिलाच ‘शंका’ आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील पहिले अंग ‘निःशंकित’ हेच. इतकेच नव्हे, तर अन्यदृष्टीची प्रशंसा व अन्यदृष्टीशी परिचय हेही अतिचारच मानले आहेत. एवढे वाचून कोणीही म्हणेल की, जैन श्रावकाने शंका काढू नये व दुसऱ्यांच्या मतांच्या वाटेला जाऊ नये. मीही तेच म्हणत होतो.

परंतु त्याच तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार दिले आहेत : वाचना, प्रच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश. यांतील दुसरा प्रकार प्रच्छना, म्हणजे विचारणे. स्वाध्याय हे अंतरंग तप आहे. म्हणजे विचारणे हेही तपच झाले. एकाच ग्रंथात एके ठिकाणी शंका हा दोष आणि दुसऱ्या ठिकाणी प्रश्न हे तप. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोष आहे तो मनात कुजत ठेवलेल्या शंकेचा. ओठांवर आलेल्या शंकेचा नव्हे. निःशंक होणे हे पोहोचण्याचे ठिकाण आहे. तेथे जाण्याचा रस्ता विचारण्यातूनच जातो. पंडितांना हे पटेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण आपल्या इतिहासाकडे पाहिले तर तो याच बाजूने साक्ष देतो.

प्रारंभच पाहा. श्वेतांबर परंपरेप्रमाणे पावापुरीला सोमिल ब्राह्मणाच्या यज्ञासाठी जमलेले अकरा विद्वान भगवान महावीरांकडे आले, ते वाद जिंकण्याच्या ईर्ष्येने. प्रत्येकाच्या मनात एक-एक शंका होती. इंद्रभूती गौतमांची शंका तर मुळावरच घाव घालणारी : आत्मा आहे की नाही? अग्निभूतींना कर्माविषयी संशय, वायुभूतींना शरीर व जीव एकच आहेत की वेगळे याविषयी, मेतार्यांना परलोकाविषयी, प्रभासांना निर्वाणाविषयी. भगवंतांनी कोणालाही ‘आधी श्रद्धा ठेव’ म्हटले नाही. प्रत्येकाची शंका आपण होऊन बोलून दाखवली, तिचे कारण सांगितले व मग उत्तर दिले. हेच अकरा जण गणधर झाले. जिनभद्रगणींच्या विशेषावश्यकभाष्यात हा सारा संवाद ‘गणधरवाद’ म्हणून सविस्तर आला आहे. दिगंबर परंपरेत कथेचा तपशील निराळा आहे. तेथे गौतमांना ज्याचा अर्थ लागत नाही असे एक वचन त्यांच्यापुढे ठेवले जाते व त्यामुळे ते राजगृहाच्या विपुलाचलावरील समवसरणात येतात. तपशील काहीही असो, दोन्हीकडे पहिला गणधर हा न सुटलेला प्रश्न घेऊन आलेला माणूस आहे.

गौतम पुढेही विचारतच राहिले. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्र म्हणजे बहुतांशी त्यांच्याच प्रश्नांचा साठा. परंपरा ही संख्या ३६,००० सांगते. त्याच ग्रंथात कौशांबीची जयंती श्राविका विचारते की, जीवाने झोपलेले बरे की जागे असलेले बरे? उत्तर मिळते, काहींचे झोपणे बरे, काहींचे जागणे बरे. जो अधर्माने वागतो तो झोपलेलाच बरा! राजघराण्यातील एक स्त्री भर सभेत प्रश्नांमागून प्रश्न विचारते आणि आगम ते जतन करून ठेवतो, हे आपण आपल्या मुलींना क्वचितच सांगतो.

मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे तो उपासकदशांगातील आनंद श्रावकाचा प्रसंग. हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. आपल्याला किती अवधिज्ञान झाले ते त्याने सांगितले तेव्हा गौतम म्हणाले की, गृहस्थाला एवढे होणे शक्य नाही, तू प्रायश्चित्त घे. आनंदाने नम्रपणे विचारले, जिनशासनात खरे बोलणाऱ्याने प्रायश्चित्त घ्यायचे असते काय? गौतम गोंधळले व भगवंतांकडे गेले. भगवंत म्हणाले, आनंदाचे खरे आहे, तू जाऊन त्याची क्षमा माग. आणि पहिले गणधर आल्या वाटेने परत गेले व एका श्रावकाची क्षमा मागून आले. मी त्या मुलाच्या घरी गेलो नव्हतो.

पुढील काळातील आचार्यांनी तर परीक्षेचे हे शस्त्र आपल्या आराध्यावरच चालवले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेले दक्षिणेतील समंतभद्राचार्य ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथाच्या आरंभीच भगवंतांना उद्देशून सांगतात की, देवांचे येणे, आकाशातून गमन, चवऱ्या ढाळल्या जाणे हा थाटमाट तर मायावी लोकांपाशीही दिसतो. तेवढ्याकरिता आपण आम्हाला थोर वाटत नाही. मग थोर कशासाठी? तर आपली वाणी युक्तीशी व शास्त्राशी विसंगत नाही म्हणून. ज्याची पूजा करायची त्याचीच आधी परीक्षा! या लहानशा ग्रंथावर अकलंकांनी ‘अष्टशती’ व विद्यानंदांनी ‘अष्टसहस्री’ लिहिली, यावरून त्याची मान्यता ध्यानात येईल.

आठव्या शतकातील हरिभद्रसूरी हे चितोडचे ब्राह्मण पंडित. ज्याचे बोलणे मला कळणार नाही त्याचा मी शिष्य होईन, अशी त्यांची अहंकारी प्रतिज्ञा होती अशी कथा आहे. एका साध्वीच्या मुखातील गाथेचा अर्थ लागेना, तेव्हा ते विचारायला गेले आणि जैनच झाले. याकिनी महत्तरा नावाच्या त्या साध्वीचा पुत्र म्हणून ते स्वतःची ओळख देत. त्यांनी लिहून ठेवले आहे की, मला महावीरांचा पक्षपात नाही व कपिलादिकांचा द्वेष नाही. ज्याचे वचन युक्तीला धरून असेल ते स्वीकारावे. शास्त्राची पारख सोन्यासारखी करावी, कसाला लावून, कापून व तापवून, असेही ते सांगतात. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर चोखंदळ गिऱ्हाईक ताका दुकानाच्या दारात उजेडाला नेऊन रंग पाहते, सूत ओढून पाहते, पन्हा मोजून घेते. यावर चिडणाऱ्या दुकानदाराच्या मालात काहीतरी खोट असते, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

आता आपल्या अगदी जवळच्या काळाकडे येऊ. सन १८९१ चा जुलै महिना. मोहनदास गांधी विलायतेतून बॅरिस्टर होऊन मुंबईत उतरले. त्यांचा मुक्काम डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी होता. तेथे त्यांची गाठ घरच्या नात्यातील एका तरुण जवाहिऱ्याशी पडली. ते म्हणजे रायचंदभाई, अर्थात श्रीमद् राजचंद्र. वय २४ च्या आत. ते शतावधानी म्हणून आधीच प्रसिद्ध होते. गांधीजींनी त्यांची परीक्षा घेतली. आपल्याला येणाऱ्या युरोपीय भाषांतील शब्दांची मालिका त्यांच्यापुढे ठेवली. रायचंदभाईंनी ते सर्व शब्द त्याच क्रमाने म्हणून दाखवले. गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे की, या शक्तीचा हेवा वाटला, पण तिची मोहिनी पडली नाही. मोहिनी पडली ती त्यांच्या शास्त्रज्ञानाची, निर्मळ चारित्र्याची व आत्मदर्शनाच्या तळमळीची. समंतभद्रांनी चवऱ्यांविषयी जे म्हटले तेच येथे घडले, असे मला वाटते. विशेष म्हणजे स्वतः राजचंद्रांनीही अवधानाचे जाहीर प्रयोग ऐन तारुण्यात सोडून दिले होते.

त्यांच्या पेढीचे वर्णन आत्मकथेत आहे ते प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावे. लाखोंचे हिरे-मोत्यांचे व्यवहार, परंतु गादीवर हिशेबाच्या वह्यांच्या जोडीला एखादे धर्मपुस्तक व स्वतःची रोजनिशी असायचीच. सौदा आटोपला की ती वही उघडायची. आमच्या गादीवर वर्तमानपत्र असते व हल्ली मोबाईल, असो.

दोन वर्षांनी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियात ख्रिस्ती स्नेह्यांनी त्यांना प्रेमाने घेरले, प्रार्थनांना नेले, पुस्तके दिली. एकाने गळ्यातील तुळशीची कंठी अंधश्रद्धा म्हणून तोडून टाकण्याचा आग्रह केला. आईने घातलेली ती कंठी त्यांनी तोडली नाही. दुसरीकडे मुसलमान स्नेही इस्लामचा अभ्यास करण्यास सांगत होते. गांधीजींना ख्रिस्ती धर्माचे दावे पटत नव्हते, पण हिंदू धर्मातील दोषही डोळ्यांसमोर होते. अशा द्विधा मनःस्थितीत त्यांनी १८९४ मध्ये राजचंद्रांना पत्राने २७ प्रश्न पाठवले. आत्मा म्हणजे काय? ईश्वर जगाचा कर्ता आहे काय? मोक्ष याच देहात कळू शकतो काय? वेद कोणी रचले? गीता ईश्वराने रचली काय? यज्ञात पशुबळी दिल्याने पुण्य लागते काय? ख्रिस्ताविषयीचे दावे खरे काय? आणि शेवटचा प्रश्न, साप चावायला आला तर त्याला चावू द्यावे की मारावे?

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईहून उत्तर गेले. त्यात सत्ताविसांपैकी एकही प्रश्न अनुचित ठरवलेला नाही. जेथे युक्ती चालते तेथे युक्ती दिली. जी गोष्ट प्रमाणाने सिद्ध होत नाही, ती होत नाही असे स्पष्ट म्हटले. सापाच्या प्रश्नावरील उत्तर तर मी अनेकदा वाचले आहे. ज्याला देह नाशवंत आहे हे खरोखर पटले आहे, त्याने त्या देहासाठी दुसऱ्या जीवाला मारणे कसे उचित ठरेल? तरीही, ‘‘चावू द्या’’ असा सल्ला तुम्हाला देताना संकोच वाटतो, असेही ते प्रामाणिकपणे लिहितात. समोरच्याची तयारी न पाहता तत्त्व त्याच्या माथी मारायचे नाही, ही ती जागा आहे.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. राजचंद्रांनी गांधीजींना धीर धरून हिंदू धर्माचाच खोल अभ्यास करण्यास सांगितले व वाचायला ग्रंथ सुचवले. आत्मकथेत त्यांची नावे आहेत : पंचीकरण, मणिरत्नमाला, योगवासिष्ठातील मुमुक्षु प्रकरण व हरिभद्रसूरींचा षड्दर्शनसमुच्चय. एका जैन साधकाने सुचवलेल्या या चार ग्रंथांपैकी तीन वेदान्ताच्या वळणाचे. चौथा जैन आचार्यांचा खरा, पण त्यात बौद्ध, नैयायिक, सांख्य, वैशेषिक व मीमांसक यांची मते त्यांच्याच बाजूने मांडलेली आहेत. शेवटी चार्वाकालासुद्धा जागा दिली आहे. ‘जैन व्हा’ असा आग्रह कोठेही नाही. गांधीजींनीही त्यांना गुरू केले नाही. गुरूचे सिंहासन माझ्या हृदयात रिकामेच राहिले, असे ते सांगतात, आणि तरीही जीवनावर खोल छाप पाडणाऱ्या समकालीन व्यक्तींत रायचंदभाईंचे नाव घेतात. पुढे २१ जानेवारी १९२६ च्या ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिले की, मुसलमानाला त्याच्या दृष्टीने व ख्रिस्त्याला त्याच्या दृष्टीने पाहायला अनेकान्ताच्या सिद्धान्ताने मला शिकवले. राजचंद्र मात्र १९०१ मध्येच, वयाच्या ३४ व्या वर्षी, राजकोटला निवर्तले होते.

चार्वाकाचे नाव आले म्हणून एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. जयराशी नावाच्या एका कट्टर संशयवाद्याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ नावाचा ग्रंथ आहे. प्रत्यक्ष प्रमाणसुद्धा सिद्ध होत नाही, येथपर्यंत या गृहस्थाची मजल. आत्मा, कर्म, सर्वज्ञता काहीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही, जैन मत तर नाहीच. या ग्रंथाची ताडपत्री पोथी १९२६ मध्ये सापडली, ती पाटणच्या जैन भांडारात! पंडित सुखलालजी व रसिकलाल परीख यांनी संपादन करून ती १९४० मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध केली. शांतरक्षित या बौद्ध आचार्यांचा प्रचंड ‘तत्त्वसंग्रह’ही मूळ संस्कृतात आपल्याला मिळाला तो जैन भांडारांमुळेच. शेकडो वर्षे कोणा अनाम श्रावकांनी आपल्याच धर्मावर टीका करणाऱ्या पोथ्या बासनात बांधून ठेवल्या, त्यांना वाळवी लागू दिली नाही, दरवर्षी ऊन दाखवले. बासनाचे कापड कोणा व्यापाऱ्याने दिले असेल. आमच्या धंद्यातील एवढे पुण्य मला दुसरे माहीत नाही.

येथे थोडे थांबून एक कबुलीही दिली पाहिजे, नाहीतर हा लेख आत्मस्तुतीचा होईल. आपण हल्ली प्रत्येक व्यासपीठावरून अनेकान्त म्हणजे वैचारिक अहिंसा, असे म्हणतो. हा शब्दप्रयोग फार जुना नाही. आनंदशंकर ध्रुव यांनी ‘स्याद्वादमंजरी’ची आवृत्ती १९३३ मध्ये काढली, तिच्या प्रस्तावनेतून तो रूढ झाला. आणि स्याद्वादमंजरी ज्या हेमचंद्रांच्या स्तोत्रावरील टीका आहे, त्याचे नाव ‘अन्ययोगव्यवच्छेद-द्वात्रिंशिका’, म्हणजे परमतांचे खंडन करणारी बत्तिशी. आपले आचार्य वादात कडवे होते. ‘सगळेच बरोबर’ असे गुळमुळीत ते बोलत नसत. परंतु खंडन करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतके नीट मांडायचे, हा त्यांचा दंडक होता. माझ्या मते सहिष्णुता ती हीच. मतभेद लपवणे म्हणजे सहिष्णुता नव्हे.

आणि हा दंडक आपण घरात तरी पाळला काय? वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आपल्या दोन्ही पंथांचे श्रद्धास्थान. मूर्ती अधांतरी आहे, तिच्याखालून वस्त्र जाते, असे लहानपणापासून ऐकत आलो. १९०५ मध्ये दोन्ही पंथांनी मिळून पूजेचे वेळापत्रक ठरवले होते. किती शहाणपणाची गोष्ट! पण थोड्याच वर्षांत मूर्तीवरील लेप व कटिसूत्र यांवरून वाद पेटला, अकोल्याच्या न्यायालयात गेला आणि १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. त्यानेही मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. मी गेलो तेव्हा दाराच्या झरोक्यातून दर्शन घेतले होते. शेजारी एक वृद्ध बाई नातवाला उचलून आत डोकावायला लावत होत्या. तो विचारत होता, ‘‘आजी, देवाला कोंडून का ठेवलंय?’’ आजींनी काही उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्ग मोकळा झाला व मार्चमध्ये, ४२ वर्षांनी, दार उघडले. उघडल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा वादावादी झाली. कोणाची बाजू खरी, हे ठरवणारा मी कोण? पण सहा आंधळे व हत्ती यांची गोष्ट साऱ्या जगाला सांगणाऱ्या समाजाच्या देवळाला बेचाळीस वर्षे कुलूप होते, ही नोंदही इतिहासात राहणारच.

आपल्या ट्रस्टमध्ये पन्नास वर्षांत असा प्रसंग आला नाही. दोन्ही पद्धतींच्या पूजेच्या वेळा पहिल्या वर्षी ठरल्या त्या आजही चालू आहेत. भिंतीवरचा तो हाताने लिहिलेला कागद तीनदा बदलला, मजकूर बदलला नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाविषयी. वाचता वाचता गेल्या चातुर्मासात समंतभद्रांचे स्वयंभूस्तोत्र हाती घेतले. त्यातील वासुपूज्य भगवंतांच्या स्तुतीपाशी आलो आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. आचार्य तेथे म्हणतात की, आपण वीतराग असल्यामुळे पूजेशी आपल्याला कर्तव्य नाही, वैर गळून गेल्यामुळे निंदेशीही नाही. तरीही आपल्या पवित्र गुणांचे स्मरण आमच्या चित्तावरील पापाचे काजळ पुसून टाकते. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न जसाच्या तसा आचार्यांनी स्वतःच भगवंतांपुढे उभा केला होता आणि उत्तरही देऊन ठेवले होते. मला ते ठाऊक नव्हते, एवढेच.

मुलगा आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो असे कळते. त्याच्या वडिलांकडून मी पत्ता घेतला आहे. स्तोत्राची मराठी अर्थासह एक प्रत आणून ठेवली आहे. या स्मरणिकेचा अंक हाती आला की दोन्ही बरोबरच पाठवीन.